सिम बदललं की नेट आपोआप चालू व्हावं म्हणून: फोन, राउटर आणि बागेतल्या यंत्रांची जोडणी

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणी होऊन तीन आठवडे झाले होते. घड दिसायला लागलेले, वरून ढगाळ हवा, आणि नेमक्या त्याच दिवसांत बागेतल्या वेदर स्टेशनने आकडे पाठवणं बंद केलं. पान किती तास ओलं राहिलं हे त्या वेळी कळलं नाही, तर डावणीची, म्हणजे द्राक्षाच्या बुरशीरोगाची, फवारणी अंदाजाने करावी लागते. काकांचा फोन आला, "ताई, पेटीवर रेंज फुल दाखवतंय. रिचार्ज परवाच मारलाय. मग माहिती का येत नाही?"

जाऊन पाहिलं, तर सिम बदललेलं होतं. जुन्या सिमला बागेत रेंज कमी मिळायची म्हणून काकांनी मुलाचं जादा सिम आत घातलं होतं. मुलगा मुंबईत नोकरीला, सिमही तिथेच घेतलेलं. यंत्राने सिम ओळखून स्वतःच सेटिंग लावायचं, असा प्रोग्राम मी त्यात भरला होता. पण माझ्या यादीत फक्त महाराष्ट्र सर्कलचे, म्हणजे मोबाईल सेवेच्या या विभागाचे कोड होते. मुंबई हे वेगळं सर्कल आहे, तिथल्या सिमचा कोड वेगळा असतो, आणि तो मी घातलाच नव्हता. चूक माझी होती, आणि काकांच्या बागेचे चार दिवसांचे आकडे त्यात गेले.

तेव्हापासून हे काम मी ज्या पद्धतीने करते, ती इथे सविस्तर लिहिते आहे. साध्या फोनपासून शेतातल्या यंत्रापर्यंत सगळीकडे पाया एकच आहे: सेटिंग फोनचं नसतं, सिमचं असतं. कुठलं सेटिंग लागेल हे सिमवरच्या आकड्यांवरून ठरू द्यायचं. माणसाने हाताने भरलेलं सेटिंग आज चालतं आणि पुढचं सिम टाकलं की तेच आडवं येतं.

सिम स्वतःची ओळख कशी सांगतं

मोबाईल डेटा सुरू होताना यंत्र नेटवर्कला एक नाव सांगतं. त्याला ॲक्सेस पॉइंट नेम म्हणतात, आपण सगळे एपीएन म्हणतो. कंपनीच्या कुठल्या दरवाजातून इंटरनेटवर जायचं, ते या नावावरून ठरतं. नाव चुकलं तर टॉवरच्या काड्या पूर्ण दिसतात, कॉलही लागतो, पण नेट चालत नाही. काकांना पडलेल्या कोड्याचं उत्तर हेच होतं. रेंज म्हणजे टॉवरशी गाठ पडली एवढंच, पुढे दरवाजा उघडला की नाही ते काड्या सांगत नाहीत.

हे नाव आपोआप लागायचं तर सिमवरचे दोन आकडे वाचता आले पाहिजेत.

पहिला आयसीसीआयडी. हा सिमच्या तुकड्याचा अनुक्रमांक, १९ किंवा २० आकडी, बहुतेक सिमवर बारीक अक्षरात छापलेला असतो. भारतातल्या सिमचा हा आकडा ८९९१ ने सुरू होतो. त्यातले ८९ टेलिकॉमसाठी आणि ९१ देशासाठी.

दुसरा आयएमएसआय, आणि आपल्या कामाचा खरा आकडा हाच. तो सिमच्या आत असतो, वर छापलेला नसतो. एकूण १५ आकडे. पहिले तीन देशाचे, भारतासाठी ४०४ किंवा ४०५. त्यापुढचे दोन किंवा तीन आकडे कंपनी आणि सर्कल सांगतात. उरलेले ग्राहकाचे.

नाशिक महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतं. इथे घेतलेलं एअरटेलचं सिम ४०४९० ने सुरू होतं, बीएसएनएलचं ४०४६६ ने, जिओचं ४०५८६४ ने. व्हीआयची गोष्ट थोडी वेगळी आहे. व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एकत्र आल्या आणि २०२० मध्ये नाव व्हीआय झालं, पण सिममधले कोड दोन्ही घरचे राहिले. महाराष्ट्रात व्होडाफोनच्या वंशातलं सिम ४०४२७ चं आणि आयडियाच्या वंशातलं ४०४२२ चं. कसारा घाट उतरून मुंबईत गेलात की एअरटेल ४०४९२ होतं आणि व्होडाफोनकडचं ४०४२०. काकांच्या मुलाचं सिम असंच घाटाखालचं होतं.

आता एक बारकावा, जो प्रोग्राम लिहिणाऱ्या भल्याभल्यांना चकवतो. एअरटेल महाराष्ट्राचा कोड पाच आकड्यांत संपतो, जिओचा सहा आकड्यांत. १५ आकडे सलग समोर आले की कुठे तोडायचं ते दिसत नाही. ४०५ ने सुरू होणाऱ्या कोडांत दोन-आकडी आणि तीन-आकडी असे दोन्ही प्रकार आहेत. कोड किती आकडी आहे हे सिममधल्या एका छोट्या फाइलमध्ये लिहिलेलं असणं अपेक्षित असतं, पण सगळ्या सिमवर ते नीट भरलेलं सापडत नाही. म्हणून अँड्रॉइडच्या प्रोग्राममध्ये तीन-आकडी कोडांची यादीच घालून ठेवली आहे, आणि तिच्यात ४०५ चे कोड भरपूर आहेत. आपण यादी करताना नियम एकच ठेवायचा: आधी सहा आकडे जुळवून बघा, नाही जुळले तरच पाच.

मोबाईल नंबरावरून कंपनी ओळखायचा मोह मात्र टाळा. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर २०११ पासून आहे, आणि २०१५ पासून सर्कल बदललं तरी नंबर नेता येतो. नंबराची सुरुवात आज काहीच सांगत नाही. कंपनी बदलताना सिम नवं मिळतं, त्यातला आयएमएसआय नव्या कंपनीचा असतो, म्हणून तोच खरा साक्षीदार.

अँड्रॉइड फोन: आधी पुसा, मग बघा

अँड्रॉइड फोनमध्ये जगभरच्या कंपन्यांच्या एपीएनची यादी आधीच भरलेली असते. सिम टाकलं की फोन कोड वाचतो, यादीत शोधतो, सेटिंग लावतो. दहातल्या नऊ वेळा तुम्हाला काहीच करावं लागत नाही. जेव्हा लागतं, तेव्हा कारण बहुतेक वेळा एकच असतं: आधी कुणीतरी हाताने काहीतरी भरून ठेवलेलं असतं.

सुरुवात वायफाय बंद करून करा. हे सांगायची गरज वाटू नये, पण वायफाय चालू ठेवून मोबाईल डेटा तपासणारे लोक मला दर आठवड्याला भेटतात. मग डेटा पॅक शिल्लक आहे का ते कंपनीच्या ॲपवर बघा. दोन्ही ठीक असेल तर सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात सिम्स, तुमचं सिम निवडून खाली ॲक्सेस पॉइंट नेम्स. सॅमसंगवर हेच कनेक्शन्स आणि मग मोबाईल नेटवर्क्समध्ये आहे. शाओमीवर सिम कार्ड्सच्या रकान्यात. सापडत नसेल तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत एपीएन टाइप करा.

त्या पानावर वर उजवीकडे तीन टिंबं असतात. त्यातलं रीसेट टू डिफॉल्ट दाबा. हाताने भरलेलं सगळं पुसलं जातं आणि फोन आपल्या यादीतून या सिमचं सेटिंग पुन्हा उचलतो. मग विमान मोड लावा, दहा सेकंद थांबा, काढा. एवढ्यावर काम झालं तर पुढे काही करू नका.

नाही झालं, तरच हाताने भरायची वेळ. तीन टिंबांत किंवा अधिकच्या खुणेवर न्यू एपीएन मिळेल. नावाच्या रकान्यात काहीही लिहा, ते फक्त तुमच्या ओळखीसाठी असतं. एपीएनच्या रकान्यात मात्र अक्षर न् अक्षर बरोबर हवं, इंग्रजी लिपीत, मध्ये जागा न सोडता. जिओसाठी जिओनेट: जे, आय, ओ, एन, ई, टी. एअरटेलसाठी एअरटेलजीपीआरएस, टिंब, कॉम. बीएसएनएलसाठी बीएसएनएलनेट. व्हीआयचं सिम कुठल्या घरचं आहे यावर नाव ठरतं, म्हणून ते कंपनीच्या ॲपवर किंवा गॅलरीत विचारून घ्या. युजरनेम, पासवर्ड, प्रॉक्सी, पोर्ट हे रकाने रिकामेच ठेवा. प्रॉक्सीत आकडे भरलेले दिसले तर ते बहुधा फार जुन्या काळचे आहेत, पुसून टाका.

खाली एपीएन प्रोटोकॉल असतो. तिथे आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांची जुनी आणि नवी पद्धत, हे दोन्ही मिळून असलेला पर्याय निवडा. जिओचं जाळं आयपीव्ही६ वर उभं आहे, नुसतं आयपीव्ही४ ठेवलं तर काही ठिकाणी अडतं. एपीएन टाइपमध्ये डिफॉल्ट आणि एसयूपीएल असे शब्द स्वल्पविराम देऊन लिहा. हॉटस्पॉट वापरायचा असेल तर त्यापुढे डीयूएन.

एमसीसी आणि एमएनसी हे दोन रकाने फोनने स्वतः भरलेले असतात, त्यांना हात लावू नका. हा सिमचा कोडच आहे. तो बदलून सेव्ह केलंत तर तुम्ही केलेली नोंद यादीतून नाहीशी झालेली दिसेल. फोनने ती ठेवलेली असते, पण ती या सिमची नाही असं समजून तो ती दाखवत नाही. शेवटी तीन टिंबांतून सेव्ह दाबायला विसरू नका. नुसतं मागे आलात तर काही फोनवर भरलेलं सगळं जातं. यादीत आपल्या नोंदीपुढचं गोल टिंब निवडा आणि पुन्हा विमान मोड लावून काढा.

दोन सिमच्या फोनवर प्रत्येक सिमचं एपीएन पान वेगळं असतं. एकाचं बघता बघता दुसऱ्याचं बदललं जाणं ही नेहमीची चूक, म्हणून वर कुठल्या सिमचं नाव आहे ते आधी वाचा. डेटासाठी कुठलं सिम निवडलंय तेही बघा. ऑटो डेटा स्विचिंग चालू असेल तर फोन रेंज बघून मधूनच दुसऱ्या सिमवर जातो. सुरगाणा, पेठ भागात फिरणाऱ्यांना ही सोय खरोखर उपयोगी आहे. फक्त दुसऱ्या सिमवरही पॅक असला पाहिजे.

आपोआप एपीएन बदलून देतो म्हणणारी ॲप्स उतरवून घेऊ नका. अँड्रॉइड ४ पासून एपीएन लिहिण्याची परवानगी बाहेरच्या ॲपला मिळतच नाही, ती फक्त फोनच्या मूळ प्रणालीला आहे. मग ती ॲप्स तुमच्याकडून कुठल्या परवानग्या मागतात ते बघितलंत तर त्यांचा हेतू कळेल. सेटिंग पाठवतो म्हणून लिंक असलेल्या एसएमएसचंही तसंच. सिम बदलून घेतल्यावर पहिले २४ तास तर खरे एसएमएसही येत-जात नाहीत, त्यामुळे ओटीपी येत नाही म्हणून घाबरून कुणालाही फोन लावत बसू नका.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कर्मचाऱ्यांना कंपनीचे फोन दिले जातात, त्यांच्यासाठी मात्र खरा आपोआप मार्ग आहे. फोन कंपनीच्या व्यवस्थापन प्रणालीत नोंदलेले असतील, तर अँड्रॉइड ९ पासून ती प्रणाली दूरून एपीएन बसवू शकते. एकदा कोडासह नोंद केली की त्या कोडाचं सिम असलेल्या सगळ्या फोनना ती लागते. पन्नास फोन हातात घेऊन बसण्यापेक्षा तुमच्या आयटीवाल्यांना हे करायला सांगा.

आयफोन

इथे काम कमी आहे. ॲपल प्रत्येक कंपनीची सेटिंग एकत्र बांधून ठेवतं आणि सिमप्रमाणे लावतं. नवं सिम टाकून वायफाय जोडा, सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात अबाउट उघडा आणि अर्धा-एक मिनिट तिथेच थांबा. कॅरिअर सेटिंग्जचं नवं रूप आलेलं असेल तर स्वतःहून विचारतो, अपडेट दाबा.

तरी नेट येत नसेल तर जनरलमध्येच व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट बघा. कधीकाळी कुणी एपीएनची प्रोफाइल बसवली असेल तर ती तिथे दिसते. प्रोफाइल असेपर्यंत आयफोन सिमचं ऐकत नाही. ती काढा. शेवटचा उपाय नेटवर्क सेटिंग्ज रीसेट करणं, पण त्यात वायफायचे साठवलेले पासवर्डही जातात, म्हणून आधी ते लिहून घ्या. ऑफिसचा फोन असेल तर प्रोफाइल स्वतः काढू नका, ती मुद्दाम बसवलेली असू शकते.

राउटर आणि लिनक्सचा लहान संगणक

मळ्यातल्या घरात, गोडाऊनच्या कॅमेऱ्याला, लासलगावच्या कांदा खळ्यावर हिशेबाच्या संगणकाला आता सिमचा राउटर असतो. बहुतेक फोरजी राउटरमध्ये ऑटो एपीएन असा पर्याय मिळतो. तो चालू ठेवा. पण राउटरमधली यादी फोनइतकी ताजी नसते, कारण राउटरचं सॉफ्टवेअर कुणी अपडेट करत नाही. म्हणून बसवायच्या आधी घरच्या वायफायवर एकदा अपडेट करून घ्या.

यंत्र विकत घेतानाच त्यात मोडेम, म्हणजे सिमवरून नेटवर्कशी बोलणारा भाग, कुठल्या पिढीचं आहे ते बघा. सिम कितीही बरोबर लावलं तरी मोडेमला ती भाषा येत नसेल तर उपयोग नाही. जिओकडे टूजी आणि थ्रीजी कधी नव्हतंच, ते २०१६ मध्ये सुरूच फोरजीवर झालं. एअरटेलने थ्रीजी २०२० मध्ये बंद केलं. त्यामुळे जुना थ्रीजी डोंगल आज एअरटेलच्या सिमवर टूजीच्या गतीने रांगतो, आणि विहिरीवरच्या मोटार स्टार्टरमध्ये टूजी मोडेम असेल तर त्यात जिओचं सिम जोडलंच जाणार नाही. तिथे एपीएन बदलत बसलात तर दुपार वाया जाईल.

लिनक्स या प्रणालीवर चालणाऱ्या लहान संगणकांवर माझं बरंच काम असतं, आणि इथे खरी मजा आहे. मोडेम मॅनेजर नावाचा प्रोग्राम सिम वाचतो. एमएमसीएलआय या आज्ञेला सिमचा क्रमांक दिला की आयएमएसआय, आयसीसीआयडी आणि कंपनीचा कोड असं सगळं एका पानावर दिसतं. त्याच्यावर नेटवर्क मॅनेजर बसतो, आणि जोडणी तो करतो.

त्याला आपोआप करायला सांगण्याचे दोन रस्ते. पहिला सोपा: जोडणीच्या जीएसएम भागात ऑटो-कॉन्फिग हा पर्याय चालू करा. मग तो मोबाईल कंपन्यांच्या तयार माहितीकोशातून एपीएन उचलतो. त्यासाठी तो माहितीकोशही संगणकावर बसवलेला असावा लागतो, आणि एपीएन, युजरनेम, पासवर्ड रिकामे असावे लागतात. हाताने भरलेलं आणि आपोआप अशी दोन्ही एकत्र तो घेत नाही, आणि ते योग्यच आहे.

दुसरा रस्ता मला जास्त भरवशाचा वाटतो. दर कोडाला एक वेगळी जोडणी तयार करा आणि तिच्यात सिम-ऑपरेटर-आयडी हा गुण भरा. ४०४९० असलेली जोडणी एअरटेलच्या एपीएनसह, ४०५८६४ असलेली जिओच्या, ४०४६६ असलेली बीएसएनएलच्या. सगळ्यांवर आपोआप जोडण्याची खूण चालू ठेवा. आत जे सिम असेल, त्याच्या कोडाशी जुळणारी जोडणीच उठते, बाकीच्या गप्प राहतात. एखादं सिम खास असेल, म्हणजे कंपनीने कारखान्यासाठी स्वतंत्र एपीएन दिलेलं असेल, तर त्याच्या जोडणीत सिम-आयडीमध्ये त्याचा आयसीसीआयडी भरा आणि तिचा प्राधान्यक्रम वर ठेवा. कारण त्या सिमचा कोड साध्या सिमसारखाच असतो. नुसता कोड पाहिला तर यंत्राला फरक कळणार नाही.

बागेतली पेटी: स्वतः यादी करायची वेळ

वेदर स्टेशन, ठिबकचा नियंत्रक, टाकीतल्या पाण्याची पातळी सांगणारं यंत्र, यांच्या आत लिनक्स नसतो. एक छोटा नियंत्रक असतो आणि त्याला जोडलेला मोडेम. फोनने जे काम स्वतः केलं, ते इथे आपण लिहायचं. क्रम मी आता असा ठेवते.

मोडेमला वीज दिली की आधी सिम तयार आहे का विचारा. सिमला पिन लावलेला असेल तर इथेच सगळं अडकतं. म्हणून सिम पेटीत घालण्याआधी फोनमध्ये टाकून पिनचं कुलूप काढून घ्यायचं.

सिम तयार झालं की आयसीसीआयडी वाचा आणि मागच्या वेळी साठवलेल्या आकड्याशी ताडून बघा. तोच असेल तर सिम बदललेलं नाही, मागच्या वेळी चाललेलं एपीएन सरळ लावा. वेळ वाचतो, बॅटरीही. आकडा वेगळा निघाला तरच पुढचा शोध.

शोधात पहिली यादी खास सिमांची, आयसीसीआयडीनुसार. यंत्रांसाठी कंपन्या वेगळी एमटूएम सिम देतात, त्यांचा मोबाईल नंबर १३ आकडी असतो आणि एपीएन पुष्कळदा खाजगी. ती इथे सापडतात.

तिथे नसेल तर आयएमएसआय मागवा. मोडेमला द्यायची आज्ञा एटी, अधिकचं चिन्ह, सीआयएमआय, इंग्रजी अक्षरांत सलग. उत्तरात १५ आकडे येतात. पहिले सहा घेऊन यादीत बघा, नाहीतर पहिले पाच. जिओचे कोड लिहिणं सोपं आहे: ४०५८५४ पासून ४०५८७४ पर्यंत सलग, आणि शिवाय ४०५८४०. बाकी कंपन्यांचे सर्कलप्रमाणे विखुरलेले आहेत, ते एकेक भरावे लागतात. फक्त महाराष्ट्र भरून थांबू नका. नाशिकमध्ये मुंबईचं सिम असतं, गुजरातचं असतं, बाहेरून आलेल्या मजुराने मालकाला दिलेलं त्याच्या गावचं सिमही असतं.

इथे दुसरी एक चूक होते. मोडेम सध्या कुठल्या टॉवरला जोडला आहे त्याचाही कोड मिळतो, आणि काहीजण तोच वापरतात. मुंबईचं सिम नाशिकच्या टॉवरवर आलं की टॉवर महाराष्ट्राचा कोड सांगतो, सिम मुंबईचा. यादीत शोधायचं ते सिमच्या कोडाने.

यादीत काहीच जुळलं नाही तर? काकांच्या पेटीत माझा प्रोग्राम इथे थांबला होता. आता तो एपीएनचं नाव रिकामं ठेवून जोडायचा प्रयत्न करतो. फोरजीमध्ये यंत्राने नाव सांगितलंच नाही, तर नेटवर्क त्या ग्राहकाच्या नोंदीतलं ठरलेलं एपीएन स्वतः देतं. साध्या प्रीपेड सिमला बहुतेक वेळा एवढ्यावर नेट मिळतं. खाजगी एपीएनच्या सिमला नाही मिळत, ते वेगळं.

एपीएन ठरलं की ते पहिल्या क्रमांकाच्या जोडणीवर लिहा, सोबत आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही. आज्ञा एटी, अधिक, सीजीडीकॉन्ट. बऱ्याच मोडेममध्ये हे लिखाण वीज गेल्यावरही टिकून राहतं. म्हणजे जुन्या सिमचं एपीएन आत बसलेलं असतं आणि नवं सिम त्यावर आपटत राहतं. म्हणून दर वेळी आधीचं पुसून नवं लिहायचं. लिहून झाल्यावर मोडेमचा रेडिओ एकदा बंद करून चालू करायला हवा. फोरजीत टॉवरला जोडतानाच एपीएन वापरलं जातं, नंतर लिहिलेलं पुढच्या जोडणीपर्यंत लागू होत नाही. हे एक पाऊल विसरल्यामुळे बरोबर एपीएनही चुकीचं वाटतं, आणि माणूस नावं बदलत बसतो.

आता मोडेमला विचारा, नोंद झाली का. फोरजीसाठी एटी, अधिक, सीईआरईजी, प्रश्नचिन्ह. उत्तरात दुसरा आकडा १ असेल तर घरच्या जाळ्यात नोंद झाली, ५ असेल तर रोमिंगवर. ३ आला तर नेटवर्कने नकार दिलाय. सिम बंद पडलंय किंवा त्याची केवायसी रखडलीय अशी कारणं तिथे शोधा, एपीएनकडे बघू नका. २ म्हणजे अजून शोधतोय, थांबा. रेंजचा आकडा एटी, अधिक, सीएसक्यू देतं. तो ० ते ३१ असतो, ९९ म्हणजे माहीतच नाही. १० च्या खाली असेल तर आधी अँटेना उंच करा, मांडवाच्या तारांपासून दूर घ्या. पालवी भरली की मांडवाखाली रेंज उतरते. म्हणून पेटी छाटणीनंतर मोकळ्या बागेत बसवलीत तरी अँटेना मांडवाच्या वरच न्या.

नोंद झाली, आयपी पत्ता मिळाला, तरी काम झालं असं समजू नका. आपल्या सर्व्हरवर एक लहानसा संदेश खरोखर पोचवून त्याचं उत्तर येईपर्यंत थांबा. पॅक संपलेल्या सिमलाही पत्ता मिळू शकतो. उत्तर आलं की आयसीसीआयडी आणि एपीएन जोडीने साठवा. नाही आलं तर तीन प्रयत्न, मध्ये दर वेळी जास्त थांबत, आणि मग यादीतलं पुढचं नाव. लागोपाठ आदळत राहिलं तर सौर पॅनेलवरची बॅटरी रात्रीत उतरते.

सगळ्या सिमांना एकदम नेट नसेल, तर दोष यंत्रात शोधू नका. गर्दीत टॉवरच भरून जातात. २०१५ च्या सिंहस्थात शाहीस्नानाच्या दिवशी पंचवटीत असलेल्यांना हे आठवत असेल. २०२७ मध्ये रामकुंडाच्या आसपास ज्यांची यंत्रं असतील, त्यांनी त्या दिवसांसाठी आकडे पेटीतच साठवून रात्री पाठवायची सोय आतापासून करून ठेवा.

बागेतून निघण्यापूर्वी

माझ्या पिशवीत आता चार सिम कायम असतात: जिओ, एअरटेल, बीएसएनएल, आणि एक मुंबई सर्कलचं. चारही चालू पॅकची. पेटी बसवून झाली की मी ती चारही एकेक करून त्यात घालते. दर वेळी वीज बंद करून सिम काढायचं, घालायचं, मग वीज द्यायची. चालू मोडेममधून सिम ओढलं तर तो जुनंच सिम धरून बसतो आणि तपासणी खोटी ठरते. लहान सिमला मोठ्या खाचेत बसवणारं प्लॅस्टिकचं जोडपट्टं वापरू नका, ट्रॅक्टरच्या हादऱ्याने ते सरकतं.

काकांच्या पेटीवर हे सगळं मी त्याच दिवशी केलं. त्यांच्या मुलाचं मुंबईचं सिम सगळ्यात शेवटी पुन्हा घातलं. लॅपटॉप द्राक्षाच्या क्रेटवर ठेवला होता, काका शेजारी उकिडवे बसून बघत होते. ४०४ आलं, मग २०, मग यादीत जुळल्याची ओळ, आणि दीड मिनिटाने पानाच्या ओलाव्याचा आकडा. झाकणाच्या आतल्या बाजूला सिमचे शेवटचे चार आकडे, कंपनी, तारीख आणि पॅक कधी संपतो ते कायम शाईच्या पेनाने लिहिलं, आणि मगच स्क्रू आवळले.